वसईचा दुभाष्या आणि हिदेयोशीची छावणी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘समुद्राने जोडलेली माणसे’ असा विषय मुक्रर केला आणि जपान व कोरिया यांच्या परस्परसंबंधांचा काही माग आपल्या किनाऱ्यावर लागतो का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे, असे पत्र मला धाडले, तेव्हा परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या माणसास हे काम सांगण्यात त्यांची काही थट्टा असावी, अशीच माझी समजूत झाली. कारण आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे गोदावरी, आणि तीही उन्हाळ्यात बहुधा वाळूच. शिवाय त्या दोन देशांचे जे जुने, कडूगोड नाते आहे त्याच्या खुणा त्सुशिमा, बुसान अशा त्यांच्याच सामुद्रधुनीच्या काठी असावयाच्या. त्यात कोकणाचा संबंध तो काय? परंतु थोडे वाचन करून आणि मग वसईपासून गोव्यापर्यंत थोडी पायपीट करून असे दिसले की, ज्या युद्धाने ते नाते पिढ्यान् पिढ्या नासवले त्याच्या ऐन छावणीत एक वसईकर दुभाष्या म्हणून उभा होता, आणि त्याच युद्धात धरल्या गेलेल्या काही माणसांचे दास्य मांडवीच्या काठी येऊन संपले होते. यांपैकी पहिल्याचे आपण देऊळ केले आणि दुसऱ्यांची साधी नोंदही ठेवली नाही.

दर्या दरवाज्याशी

रात्री परभणीस देवगिरी एक्स्प्रेस धरावी, सकाळी मुंबईत उतरून विरारची लोकल गाठावी आणि वसई रोडहून रिक्षाने किल्ल्यापर्यंत जावे, हा क्रम सोपा आहे. मराठी मनात वसई म्हटली की १७३९ साल, चिमाजी आप्पा आणि सुरुंगांनी उडालेला तट एवढेच उभे राहते. मेणवलीच्या घाटावरील, १७०७ साल कोरलेली घंटा याच स्वारीची लूट म्हणून आपण कौतुकाने पाहतो. मात्र त्या विजयापूर्वी दोनशेपाच वर्षे, म्हणजे १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने हुमायूनच्या धास्तीने तह करून हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केल्यापासून, येथे एक भरभराटलेले शहर नांदत होते, आणि त्या शहराचे तोंड पुण्याकडे नव्हते, मस्कत, मलाक्का व मकाव यांच्याकडे होते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही.

किल्ल्यात शिरल्यावर आज प्रथम भेटतात ती विवाहपूर्व छायाचित्रे काढून घेणारी जोडपी. एका पडक्या कमानीखाली झगमगीत घागरा सावरीत उभी असलेली नवरी, तिच्यापुढे पांढरी छत्री धरलेला पोऱ्या, आणि मागे ज्या भिंतीवर एके काळी येशूसंघीयांच्या प्रार्थना घुमत त्या भिंतीतून उगवलेला पिंपळ. हे दृश्य पाहून कपाळाला आठ्या घालणारे लोक आहेत. मला तसे वाटले नाही. ओसाड वास्तूत माणसांची ये-जा राहिली म्हणजे निदान गुरे बांधली जात नाहीत.

फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनीच्या देवळातील जमीन मात्र निरखून पाहण्यासारखी आहे. सारी फरसबंदी थडग्यांच्या शिळांची आहे. त्यांवर कुलचिन्हे, सरदारांची व त्यांच्या बायकांची नावे, मृत्यूची साले कोरलेली असून शतकानुशतकांच्या पावलांनी अक्षरांची धार गेली आहे. पावसाळ्यानंतर शेवाळे वाळते तेव्हा खोलगट अक्षरांत तेवढा हिरवा रंग टिकतो, आणि उन्हात जे वाचता येत नाही ते त्या हिरव्या रेघांमुळे बोट फिरवीत वाचता येते. माझ्यासारखेच बोट फिरवीत बसलेले एक गृहस्थ, वसईतच शिक्षकी करून निवृत्त झालेले, म्हणाले, “ही सारी मोठ्या घरची माणसं, साहेब. आमचा गोन्सालो इथं नाही. त्याला थडगं कुठलं!”

गोन्सालो गार्सिया हा तो ‘आमचा’. सोळाव्या शतकाच्या मध्यास, सुमारे १५५७ साली, तो वसईत जन्मला; बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच, असे परंपरा सांगते. येशूसंघीय पाद्र्यांच्या शाळेत तो वाढला, आणि किल्ल्यातील त्यांच्या देवळाची देखणी दर्शनी भिंत आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. मिसरूड फुटण्याच्या वयात तो पाद्र्यांबरोबर जपानला गेला, काही वर्षे त्यांचा धर्मशिक्षक म्हणून राबला, जपानी भाषा त्याने इतकी आत्मसात केली की तिथल्या लोकांत तो सहज वावरे. मग पाद्र्यांचा आश्रय सोडून त्याने व्यापार केला, त्यात पैसा मिळवला, आणि पुढे मनिलास जाऊन तो सारा व्याप टाकून फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. पाद्री होण्याइतके शिक्षण वा कुल त्याच्यापाशी नव्हते. त्याच्यापाशी भाषा होती.

तटाच्या समुद्राकडील अंगास दर्या दरवाजा आहे. तेथून बाहेर पडले की किल्लाबंदरची कोळ्यांची वस्ती लागते. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले, जाळी विणणारे म्हातारे, आणि खाडीच्या मुखाशी डुलणाऱ्या होड्या. याच दारातून तो मुलगा बाहेर पडला असेल असे खात्रीने म्हणता यावयाचे नाही, पण त्या काळी वसईहून समुद्रावर जावयाचे तर दुसरे दार तरी कुठले होते?

वाऱ्याच्या तालावरचा प्रवास

नागासाकीचा प्रवास त्या काळी कसा होई, हे समजल्याखेरीज वसईचा पोरगा जपानात पोचण्याचे नवल कळत नाही, आणि कळले म्हणजे ते नवलही उरत नाही. गोव्याहून चैत्र-वैशाखात मोठे जहाज सुटे. कोचीन, मलाक्का असे मुक्काम करीत, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन ते चीनच्या किनाऱ्यावरील मकाव गाठी, आणि तेथे त्याला बहुधा वर्षभर थांबावे लागे, कारण कँटनच्या बाजारात रेशीम खरेदी होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नसे. पुढच्या पावसाळी वाऱ्याने दोन-चार आठवड्यांत नागासाकी येई. हिवाळ्यात वारा उलटला म्हणजे परतीचा मार्ग खुला होई. अशी एक फेरी पुरी व्हावयास दोन-तीन वर्षे सहज लागत.

या साऱ्या खटाटोपाचे मर्म एका मनाई हुकुमात होते. चीनच्या मिंग बादशहांनी जपानशी थेट व्यापार बंद केला होता. जपानला रेशीम हवे होते आणि त्याच्या खाणींतून रुपे निघत होते, चीनला रुपे हवे होते आणि त्याच्याकडे रेशमाला तोटा नव्हता. दोन शेजाऱ्यांची बोलचाल बंद झाली की तिसऱ्याचे फावते, तसे पोर्तुगीजांचे फावले. जपानच्या या फेरीचा अधिकार म्हणजे ‘कप्तान-मोर’ची सनद; ती मिळाली की एका फेरीत जन्माची ददात मिटे, आणि ती सनद राजाच्या नावाने गोव्याच्या विजरईच्या दप्तरातून जारी होई. जपानी लोक या जहाजांना काळी जहाजे म्हणत, आणि त्यांनी आपल्या सोनेरी पडद्यांवर जी चित्रे रंगवली त्यांत फुगीर विजारी घातलेल्या फिरंग्यांच्या मागे छत्र्या धरणारी सावळी माणसेही आहेत. हिंदुस्थान आणि आफ्रिका येथून नेलेले हे नोकर, गुलाम, खलाशी. त्यांत कोकणचे कोण, हे आता चित्रावरून कसे सांगावे?

रेवदंड्याजवळच्या चौलने या व्यापारात आपले नावही गमावले नाही. तिथून जाणाऱ्या तलम रेशमी पट्टेदार कापडास जपानात ‘चाऊ’ म्हणू लागले आणि सामुराईंच्या घोळदार वस्त्रांसाठी ते वापरले जाई. आज चौलमध्ये माग नाहीत, नारळी-पोफळी आहेत.

दोन नागोया

नागोया म्हटले की आपल्याला मोटारगाड्यांचे मोठे शहर आठवते. येथे अभिप्रेत आहे ते दुसरे, क्यूशू बेटाच्या वायव्य टोकावरील, करात्सू नगराजवळचे, एका माळावरचे नागोया. सारा जपान एका छत्राखाली आणल्यावर तोयोतोमी हिदेयोशीला चीन जिंकण्याची स्वप्ने पडू लागली, आणि चीनची वाट कोरियातून जात असल्यामुळे त्याने कोरियाकडे ती वाट मागितली. कोरियाच्या राजाने ती नाकारताच १५९१ च्या अखेरीपासून अवघ्या काही महिन्यांत या निर्जन टोकावर एक प्रचंड किल्ला उभा राहिला. भोवतालच्या टेकड्यांवर शंभराहून अधिक सरदारांचे तळ पडले, बाजारपेठ वसली, चहाचे समारंभ व नाट्यप्रयोग सुरू झाले, आणि १५९२ च्या वसंतात दीड लाखाच्या वर फौज इकी व त्सुशिमा या बेटांवरून बुसानला उतरली. पुढची कथा कोरियातील लहान मुलेही सांगतात: सोल पडले, राजा उत्तरेस पळाला, पण यी सुन-सिन या सेनापतीच्या आरमाराने जपान्यांची समुद्रावरची रसद तोडली, आणि चिनी फौज मदतीस आल्यावर युद्ध रखडले.

या रखडलेल्या युद्धाच्या छावणीत, १५९३ साली, मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता हा फ्रान्सिस्कन आपल्या साथीदारांसह आला. हिदेयोशीने फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व मान्य करावे, असे फर्मान पाठवले होते. त्याला नकार तर द्यावयाचा, पण त्याचा क्रोध ओढवावयाचा नाही, अशी ही अवघड वकिलात होती. वकिलास जपानी येत नव्हते. बोलणी गोन्सालोच्या तोंडून व्हावयाची होती.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा मनाशी उभा करून पाहिला. वसईच्या वाडीतला, रूपाने ना पुरा फिरंगी ना पुरा देशी असा, जाड्याभरड्या झग्यातला एक मनुष्य; समोर कोट्यवधींचा धनी, लहरी आणि म्हातारपणाने चिडखोर झालेला सत्ताधीश; आणि बाहेर बंदरात कोरियाहून जखमी व कैदी घेऊन येणारी, दारूगोळा घेऊन जाणारी गलबते. दुभाष्याचे काम दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे मान्य झाल्यासारखे वाटेल एवढी जागा शब्दांत ठेवण्याचे असते, आणि गोन्सालोने ते बरे केले असले पाहिजे, कारण त्या मंडळींना जपानात राहण्याची परवानगी मिळाली, राजधानी क्योतोत जागा मिळाली, आणि तेथे त्यांनी देऊळ व महारोग्यांसाठी इस्पितळ उभारले. हे पोर्तुगीजांच्या आश्रयाने तेथे आधीपासून असलेल्या येशूसंघीयांना रुचले नाही. जपान हे आपलेच क्षेत्र, अशी पोपची सनद त्यांच्यापाशी होती. गोन्सालो एका पंथाच्या शाळेत शिकलेला आणि दुसऱ्या पंथाच्या झग्यात वावरणारा; घरच्या भांडणातही तो मध्येच होता.

युद्ध संपल्यावर नागोयाचा किल्ला मोडून टाकण्यात आला. तट पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून कोपऱ्यांचे चिरे मुद्दाम उपसले गेले, ते खिंडार अद्याप तसेच राखले आहे, आणि त्याच्या पायथ्याशी सागा प्रांताच्या सरकारने १९९३ साली जे संग्रहालय उघडले ते विजयाचे स्मारक नाही, तर जपान आणि कोरिया यांच्या देवघेवीचा इतिहास सांगण्यासाठी आहे. आक्रमणाच्या छावणीत आक्रमणाची कबुली देणारे संग्रहालय उभारणे ही गोष्ट कोणत्याही राष्ट्रास सोपी नसते.

या युद्धानंतरची आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे गोव्यात तिचे काम पडणार आहे. हिदेयोशी १५९८ त मेला. नव्या तोकुगावा राजवटीने समेटाचा हात पुढे केला, आणि १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या दरबाराची बारा शिष्टमंडळे जपानला गेली. चार-पाचशे माणसांचा तो लवाजमा, कवी, चित्रकार, वैद्य, वादक यांसह, त्सुशिमावरून तोमोनोउरा, उशिमादो अशा बंदरांत मुक्काम करीत जाई. तेथे त्यांच्या बडदास्तीत उणे पडू नये म्हणून अख्खी गावे राबत, आणि त्यांची कागदपत्रे २०१७ साली युनेस्कोच्या स्मृतिसंचितात दोन्ही देशांच्या संयुक्त विनंतीवरून दाखल झाली. यांतील पहिल्या तीन मंडळांचे अधिकृत काम केवळ शिष्टाचाराचे नव्हते. युद्धात पकडून नेलेली आपली माणसे शोधून परत आणणे, हे त्यांच्या शिरावर होते. जी माणसे सापडली ती काही आली. काही आली नाहीत, कारण जपानात आरितास नेलेल्या कोरियन कुंभारांसारख्यांचे हात जपानी सरदारांना फार मोलाचे होते.

गास

१५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने खच्चून भरलेले स्पॅनिश जहाज वादळाने जपानच्या किनाऱ्यास लागले. माल जप्त झाला. आणि आधी पाद्री येतात, मागून राजाची फौज येते, अशा अर्थाचे काही त्या जहाजावरचा कोणी बरळला, असे म्हणतात. हिदेयोशीला निमित्त पुरे होते. क्योतो व ओसाका येथून चोवीस जण धरले गेले, भर चौकात प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला, आणि जानेवारीच्या थंडीत त्यांना गावोगाव मिरवीत नागासाकीस नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांत जमा झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. त्याच वर्षी कोरियावर दुसरी स्वारी झाली आणि मारलेल्या शत्रूंची शिरे जहाजात मावेनात म्हणून नाके कापून मिठात घालून क्योतोला पाठवण्यात आली. ती जिथे पुरली त्या ढिगाऱ्यास लोक आजही कानांची टेकडी म्हणतात. कान कापून माणसे जिथून बाहेर काढली त्याच शहरात काही महिन्यांनी ही नाके येऊन पडली, हे एकत्र वाचल्याशिवाय त्या वर्षाचा अंदाज येत नाही.

किल्ला पाहून परतणारे प्रवासी बहुधा वसई रोडला जातात. मी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस गास गावी गेलो, कारण संत गोन्सालो गार्सियाचे नांदते देऊळ तेथे आहे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तिथला स्तूप उकरून बुद्धाच्या अवशेषांचा करंडक बाहेर काढला, तो येथून हाकेच्या अंतरावर. विटांच्या स्तूपावरून पाच-दहा मिनिटांत रिक्षा केळीच्या बागांत शिरते. पाट, आळी, सोनचाफ्याची झाडे, दारात लाल लुगडे नेसलेली एखादी आजी, आणि तिच्या तोंडी कुपारी बोली, जी कानाला क्षणभर अनोळखी वाटते आणि लगेच आपलीशी होते. येथील ख्रिस्ती समाजाची उपासना मराठीत चालते. पाटीवर, कबरीवर, पत्रिकेवर मराठीच.

देवळात दुपारी कोणी नव्हते. वेदीवर फुले बदलणाऱ्या बाईंना मी विचारले, “ताई, हे जपानला कसे गेले असतील हो?” त्यांनी हातातली फुले खाली ठेवली नाहीत. “कामाला गेले,” त्या म्हणाल्या. “आमची पोरं दुबईला जातात तशी. देव भेटला तो नंतर.”

संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कधी छापले नसते. मला ते सर्वांत खरे वाटले. १६२७ साली या सव्वीसांना धन्य घोषित करण्यात आले, ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले, आणि हिंदुस्थानच्या भूमीत जन्मून संतपदास पोचलेला तो पहिला पुरुष ठरला. निशिझाकाच्या टेकडीवर १९६२ साली शिल्पकार फुनाकोशी यासुताके याने सव्वीस ब्राँझमूर्तींचे स्मारक घडवले. पायांना जमीन नाही अशा, हवेत तोललेल्या त्या मूर्तींच्या रांगेत वसईचा पोरगाही आहे.

गठाणी

वसईहून मुंबईस परतताना पेडगावची आठवण झाली ती उगाच नव्हे. परभणीहून मानवतकडे जाणारी जी लोहमार्गाची वाट आमच्या बाजूने जाते ती विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या मुलुखातील कापूस बाहेर काढण्यासाठीच मुख्यतः घातली गेली. काळ्या रानातला गावरानी कापूस, जिनात सरकी निघून गठाण बांधली की लहान रुळावरून मनमाडला, तेथे मोठ्या रुळाच्या डब्यांत चढवून मुंबईच्या धक्क्याला, असा त्याचा प्रवास. धक्क्यावरून तो कोठे जातो, हे आमच्या पूर्वजांनी विचारले असेल असे वाटत नाही. त्यांना भावाशी काम.

तो बराचसा जपानला जाई. १८९३ साली निप्पॉन यूसेन काइशा या कंपनीने जमशेदजी टाटांच्या साथीने कोबे ते मुंबई अशी आगबोटींची फेरी सुरू केली आणि युरोपीय कंपन्यांची मक्तेदारी मोडली. आमचा आखूड धाग्याचा, जाडाभरडा कापूस लँकेशायरला नको असे. ओसाकाच्या गिरण्यांनी तो अमेरिकी कापसात मिसळून सूत काढण्याची कला साधली, आणि त्याच सुताने आधी मुंबईच्या गिरण्यांचे चीनमधील गिऱ्हाईक पळवले, मग त्याचे कापड कोरियाच्या बाजारात उतरवले. १९१० साली कोरिया जपानने गिळंकृत केला त्यापूर्वी त्याची बाजारपेठ अशी गिळली गेली होती. मराठवाड्यातल्या कुळवाड्याचा यात दोष काही नाही. पण माल आपल्या शिवारातून सुटला म्हणजे तो कोणाच्या गळ्याभोवती जातो, हे त्याला कळण्याची सोय नसते, एवढे खरे.

मुंबईत जपानशी असलेल्या नात्याची सांगती-बोलती खूण वरळीला आहे. पोदार इस्पितळाच्या शेजारी, १९५६ सालची, निप्पॉनझान म्योहोजी पंथाची बौद्ध वास्तू. या पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ साली हिंदुस्थानात आले आणि पुढे वर्ध्यास गांधीजींना भेटले, तेव्हापासून आश्रमाच्या प्रार्थनेत त्यांचा जपानी मंत्र म्हटला जाऊ लागला. संध्याकाळी डफासारख्या चामडी वाद्याचा ठोका सुरू झाला की बाहेरच्या मोटारींच्या भोंग्यांतूनही तो ऐकू येतो.

पुढे गोव्याकडे जाताना एस.टी.ने कोल्हापूर घेतले, कारण कोरियाशी या भागाचा आणखी एक धागा आहे. मेजर जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरकडचे. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात शस्त्रसंधी झाली तेव्हा मायदेशी परत जाण्यास नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी कोणाच्या ताब्यात द्यावयाचे, हा प्रश्न हिंदुस्थानच्या गळ्यात पडला. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि प्रत्यक्ष राखणदार फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हे इतके नापसंत होते की त्यांनी हिंदी शिपायाचे पाऊल आपल्या भूमीला लागू देणार नाही असे जाहीर केले, आणि म्हणून इंचॉनच्या बंदरात आलेली आपली माणसे हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडावी लागली. खवळलेल्या कैद्यांनी एक हिंदी अधिकारी कुंपणाआत ओढून नेला तेव्हा थोरात मोजक्या साथीदारांसह निःशस्त्र आत गेले, पाहुण्याला चहा-सिगारेट विचारण्याची तुमच्यात रीत नाही काय, असे विचारून त्यांनी वातावरण निवळवले आणि अधिकाऱ्यास घेऊन बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, मिळाले. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहण्याचे जे काम वसईकराच्या वाट्याला आले होते तेच साडेतीनशे वर्षांनी एका कोल्हापूरकराच्या वाट्याला आले. तो जिवंत परतला, हा फरक.

गोव्यात सुटलेली माणसे

जुन्या गोव्यात येणारा यात्रेकरू बॉम जेझूच्या देवळात संत फ्रान्सिस झेवियरच्या रुपेरी पेटीपुढे उभा राहतो आणि परततो. रस्त्याच्या कडेला एकटी उभी असलेली एक कमान मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. १५४० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या संत पावलाच्या विद्यालयाची ती एवढीच शिल्लक. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली येथे सुरू झाला. मलाक्क्यात झेवियरला भेटलेला, हातून मनुष्यवध घडल्यामुळे कागोशिमाहून पळालेला आंजिरो नावाचा जपानी याच विद्यालयात राहिला, १५४८ च्या मे महिन्यात त्याचा गोव्यात बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच साथीने झेवियर जपानला उतरला. युरोपची वारी करून परतणाऱ्या चार जपानी मुलांपैकी हारा मार्तिन्यो याने १५८७ साली येथे लॅटिनमध्ये भाषण केले. ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापले गेले, आणि परतताना त्या मंडळींनी युरोपातून आणलेला छापखाना जपानला नेला.

हे झाले गौरवाचे. फ्लोरेन्सचा फ्रान्चेस्को कार्लेत्ती नावाचा व्यापारी १५९७ च्या जूनमध्ये नागासाकीस उतरला तेव्हा त्या सव्वीसांपैकी सहा फ्रान्सिस्कनांचे देह अजून क्रूसांवर होते, ते तो मुद्दाम पाहून आला. त्यांत गोन्सालोही असणार. त्याच बंदरात कोरियातून धरून आणलेली माणसे, बायका, मुले इतकी विकावयास होती की भाव मातीमोल झाला होता. कार्लेत्तीने पाच जण विकत घेतले, पाचांना मिळून बारा स्कुदींच्या किंचित वर पडले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांना बाप्तिस्मा देववून तो मकावमार्गे गोव्यास घेऊन आला आणि येथे त्याने त्यांना मुक्त केले. एकाला त्याने पुढे इटलीस नेले. अंतोनियो या नावाने तो रोममध्ये राहिला, आणि युरोपात पोचलेला तो पहिला कोरियन असावा म्हणून त्याच्यावर आज कोरियात पुस्तके लिहिली जातात. बाकीचे गोव्यात राहिले.

मुक्त केले, म्हणजे काय केले? मायदेशी जावयाचे तर मकाव आणि नागासाकी यांखेरीज वाट नाही, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक बंदरवाला त्यांना पुन्हा विकणारा. कोरियाच्या दरबाराची शिष्टमंडळे जपानच्या गावोगाव आपली माणसे शोधीत फिरत होती तेव्हा त्यांतली काही मांडवीच्या काठी कोणाचे पाणी भरीत, कोणाची पालखी वाहत म्हातारी होत असावीत, आणि हे त्या वकिलांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. कोठल्याही कबरीवर त्यांचे नाव मला आढळले नाही.

भारतीय पुरातत्त्व खात्यास आणि गोवा सरकारास माझी विनंती एवढीच आहे की, संत पावलाच्या त्या कमानीजवळ एक शिळा बसवावी. तीवर आंजिरो आणि हारा यांच्याबरोबर, नागासाकीहून विकत आणून येथे सोडलेल्या कोरियनांचाही उल्लेख असावा, आणि तो कोंकणी, मराठी, जपानी व कोरियन या चार भाषांत असावा. कोरिया व जपान येथूनही पाहुणे येतात. त्यांना आपण नुसती सुवर्णवेदी दाखवून परत पाठवू नये. दगडाची अडचण नाही. बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीवरचे कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे तो त्या वेळी वसईहूनच समुद्रमार्गे आणला होता. या शिळेसाठीही तिथूनच मागवावा.